धवला, धोटा आणि माझा पंप

ज्या दिवशी मला दमा आहे हे पक्कं ठरलं, त्या दिवशी मी आनंदाने रडले. हे वाचून कुणाला वाटेल, बाईचं डोकं फिरलंय. आमच्या घरात दोन वर्षं बहुतेकांना तेच वाटत होतं. म्हणूनच हे लिहायला बसले आहे. रिपोर्ट चांगले येतात आणि जीव मात्र वरखाली होतो, घरचे म्हणतात तू उगाच घाबरतेस, अशा कुणाच्या हाती हे पडलं तर त्याला निदान सोबत मिळेल. मी डॉक्टर नाही. भिवंडीजवळच्या कोन गावात अंगणवाडी सेविका आहे. नोंदवह्या भरून भरून हाताला वळण लागलं आहे, एवढाच माझा लिहिण्याशी संबंध.

माझं दुसरं काम आधी सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच येऊन थांबतं. मी धवलारीण आहे. आमच्या आगरी लग्नांत हळदीचे, मांडवाचे विधी गाऊन लावणारी बाई म्हणजे धवलारीण, आणि ती गाते ते धवले. माझी सासू, जिला आम्ही सगळे आय म्हणतो, तिच्यासारखी धवलारीण आमच्या पट्ट्यात नव्हती. तिचे गुडघे गेले तेव्हा तिने हे काम माझ्याकडे दिलं. शिकवताना तिने मला इतकं रडवलं की कुठल्या आईने मुलाला पोहायला शिकवतानासुद्धा तेवढं रडवलं नसेल.

आयच्या धवल्यात एक नावांची ओळ आहे. गावदेवीपासून सुरुवात करायची, वेशीवरचा देव, खाडीकाठचा देव, कुळाचा देव, आणि मग लग्नाला ज्यांचा हात लागला त्यांची नावं, म्हणजे मडकी देणारा कुंभार, मांडव घालणारा, फुलं देणारा. हे सगळं एका दमात. मध्ये श्वास घ्यायचा नाही.

"कुनाचा नाव तोरायचा न्हाय," आय सांगायची, म्हणजे मध्येच तोडायचं नाही. "तोरलास तं तो रुसतो."

ही ओळ पंधरा वर्षं मी एका दमात घेत आले. मग दोन वर्षांपूर्वी काल्हेरच्या एका लग्नात वेशीवरच्या देवापाशीच मला ढास लागली.

काल्हेरचं लग्न

तिथे मांडवामागेच रस्ता होता आणि गोदामाकडे जाणारे ट्रक धुरळा उडवत होते. कुणीतरी धूप घातला. छातीवर कुणी बसल्यासारखं झालं आणि खोकला सुरू झाला तो थांबेना. नवरीची आई माझ्याकडे बघत राहिली. शेवटी बायकांनी सगळ्यांनी मिळून ती ओळ कशीबशी पुरी केली. कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे कुणी काही बोलत नाही तेव्हा फार बोललं गेलेलं असतं.

त्यानंतर खोकला माझा पाहुणा झाला. फोडणीचा ठसका, उदबत्ती, एसटीत शेजारच्या बाईचं अत्तर, पहाटेची गार हवा, जोरात हसणं, कशानेही. हसण्याने खोकला येतो हे मला सर्वात जास्त लागलं, कारण मी हसरी बाई आहे. अंगणवाडीत मुलं नाचायला लागली की मी भिंतीला टेकून उभी राहायची.

गावातल्या डॉक्टरांनी तोंडाने घ्यायचा पंप दिला. मी तो तांदळाच्या डब्यामागे लपवून ठेवला. पंप लागला की सुटत नाही, असं आमच्याकडे प्रत्येकाला ठाऊक आहे, कुणी कधी तपासलेलं नाही. लपूनछपून का होईना, मी तो इमानाने घेत होते. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा. दीड वर्षात कितीतरी पंप रिकामे झाले. खोकला जसाच्या तसा.

मग त्यांनी फुंकायच्या तपासणीला पाठवलं. मी गेले तो दिवस नेमका चांगला होता. नळीत फुंकले. कागदावर आलं, सगळं नॉर्मल.

"बघ," हे म्हणाले. माझे मिस्टर काल्हेरला गोदामात सुपरवायझर आहेत, मोजून लिहिलेल्या गोष्टीवर त्यांचा फार विश्वास. "मशीन खोटं बोलतंय का? तू मनाला लावून घेतलंस ते काल्हेरचं. मनातून काढून टाक."

मी वाईट वाटून घेतलं, पण खरं सांगायचं तर मलाही तेच वाटू लागलं होतं. दम लागला की मी आधी स्वतःलाच विचारायची, खरंच लागतोय की मी ढोंग करते आहे? दम्यापेक्षा हा प्रश्न वाईट. खोकल्यावर औषध तरी असतं.

घरात एकटी आय कधी मन-बिन म्हणाली नाही. ती ओट्यावर बसून माझा खोकला ऐकायची, जसं शिकवताना माझं गाणं ऐकायची.

"खोकला खोटा न्हाय," एक दिवस ती यांना म्हणाली. "मी तिचा दम वीस वर्सं ऐकतंय. ह्यो दम तिचा न्हाय. मोठ्या डाक्टरला दाखव."

तेवढ्यात दर्शनाचं लग्न ठरलं. दर्शना म्हणजे माझ्या दिराची मुलगी. जाऊ बाळंतपणानंतर वर्षभर आजारी होती तेव्हा ही पोर माझ्याच मांडीवर वाढली. सुपारी फुटली त्याच दिवशी ती माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "काकी, धवले तूच लावायचे. दुसरी कोन आली तं मी हळदीला बसनार न्हाय."

लग्नाला साडेचार महिने होते.

डिवचून बघायची तपासणी

तीन आठवड्यांनी ठाण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी, हे आणि काठी टेकत आय. आयला नको म्हटलं होतं, पण ती रिक्षात आधीच जाऊन बसली होती.

डॉक्टरीणबाईंनी जुना कागद पाहिला आणि बाजूला ठेवला. मग मला जे विचारलं ते दोन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. "कशाकशाने होतं ते सांगा. घाई नाही." मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. मग म्हणाल्या, "काहींच्या श्वासनळ्या फार तापट असतात. धूर, धूळ, गार हवा, हे सगळ्यांच्याच नळ्यांना लागतं. बाकीच्यांच्या सोडून देतात. तापट नळ्या मूठ आवळतात. थोड्या वेळाने मूठ सुटते, आणि त्या वेळी तपासणी केली तर काही सापडत नाही. म्हणून आपण त्यांना मुद्दाम डिवचून बघू. अगदी थोडं, मोजून."

"मंजे पोरीला मुद्दाम आजारी करनार?" आय म्हणाली.

"हो आजी. आणि लगेच बरंही करणार. औषध हाताशी ठेवूनच करतो."

आयने काठी सरळ केली. "मंग करा. पन मी दारात बसनार."

तपासणी पुढच्या आठवड्यात होती. तोपर्यंत पंप कधी बंद ठेवायचा ते त्यांनी लिहून दिलं. ही तपासणी सगळ्यांना करत नाहीत आणि घरी करायची गोष्ट नाही, हे मी इथे मुद्दाम लिहिते, कारण आमच्याकडे उत्साही लोक पुष्कळ.

रुखसाना

फुफ्फुसाच्या तपासणीची खोली दिसायच्या आधी ऐकू येते. बाहेरच्या बाकावर आम्ही आठ-दहा जण बसलो होतो आणि आतून एका मुलीचा आवाज येत होता. "फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, अजून, शाब्बास!" क्रिकेटच्या मैदानावर ओरडावं तसा. एका आजोबांना ती म्हणाली, "शंभर मेणबत्त्या आहेत आजोबा, एक पण जळती राहिली तर केक नाही!" आजोबा बाहेर आले ते हसत आणि धापा टाकत. माझ्या शेजारची बाई म्हणाली, ही सकाळपासून अशीच ओरडते, दुपारनंतर हिचाच घसा बसतो.

ती रुखसाना. तिशीची असेल, बारकी, निळा कोट, डोक्याला ओढणी. राहायची भिवंडीतच. मी कोनची म्हटल्यावर खूश झाली. "अरे, आप तो घर की निकलीं! चला, नाकाला चिमटा लावू. दिसायला भारी दिसतं, फोटो काढायचा असेल तर सांगा."

पहिल्यांदा तिने वाफेसारखं नुसतं मिठाचं पाणी ओढायला दिलं आणि फुंकायला लावलं. मग औषध, अगदी पातळ. पुन्हा फुंक. मग थोडं दाट. पुन्हा फुंक. प्रत्येक वेळी ती पडद्यावरचा आकडा लिहायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. आकड्याकडे कमी, तोंडाकडे जास्त. तिसऱ्या वेळीही काही झालं नाही. मला रडू येऊ लागलं. म्हणजे खरंच मनाचं होतं. दर्शनाला काय सांगू? हिलाही कळलं असेल की ही बाई ढोंगी आहे.

"ताई," ती म्हणाली, "आत्ता काही विचार नको. आपण दोघी फक्त काम करतोय."

पाचव्या वेळी ती ढास आली. काल्हेरच्या मांडवातली, तीच. छातीभोवती दोर बांधून कुणी पीळ द्यावा तशी. मी फुंकले, पण मध्येच संपलं. रुखसानाने पडदा माझ्याकडे वळवला. रेघ खाली पडली होती. कागदावर, आकड्यात, यांनासुद्धा मान्य होईल अशी.

"बस. झालं. मिळालं आपल्याला," म्हणत तिने लगेच औषधाचा मास्क लावला आणि माझा हात धरला. मास्कच्या आत मी रडत होते. तिला वाटलं घाबरले.

"घाबरू नका, दहा मिनिटांत सुटेल."

मी मान हलवली. मास्क काढल्यावर सांगितलं, "घाबरले नाही. खोटी नव्हते ना मी?"

तिने मास्क बाजूला ठेवला. मग माझा हात दाबून म्हणाली, "नाही ताई. एक दिन भी नहीं."

यांनी तो कागद दोनदा वाचला. चूक झाली वगैरे म्हणाले नाहीत, तो त्यांचा स्वभाव नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ड्युटीवरून आले की गोदामाच्या धुळीचा शर्ट बाहेर मोरीत काढून मगच घरात येऊ लागले. देव्हाऱ्यातली उदबत्तीही त्यांनीच बंद केली, नुसता दिवा. मी त्यांना तेवढ्यावर माफ केलं. बायकोला असं मुकाट माफ करण्याची फार सवय असते.

धोटा

त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी औषध लिहून दिलं आणि माझा चेहरा पडला. रोजचा पंप तोच, दीड वर्षं घेत होते तो.

"मॅडम, हा घेते मी. काही उपयोग नाही याचा."

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "रुखसानाला एकदा घेऊन दाखवा."

मला राग आला. अडाणी समजतात की काय? रुखसानाने रिकामा पंप दिला. मी तोंडात धरला, दाबला, ओढला. झटक्यात. दीड वर्षाचा सराव.

रुखसाना खुर्चीतून उठली. "पुन्हा एकदा," म्हणाली. या वेळी ती माझ्या बाजूला येऊन उभी राहिली, अगदी गालापाशी वाकून. मी पुन्हा घेतला.

"ताई," ती हळूच म्हणाली, "लूम चलाया है कभी?"

मी पंप खाली ठेवला. चालवला होता. लग्नानंतर बारा वर्षं. घरामागच्या शेडमध्ये आमचे सहा लूम, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग होते. कारागीर गावी गेले की मी उभी राहायची, एरवी कांड्या भरायची. कांडी म्हणजे सूत गुंडाळलेली नळी. ती लाकडी धोट्यात बसते आणि धोटा मागातून इकडून तिकडे धावतो. कांडी संपली की नवी बसवायची आणि सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. त्याला सुई नसते. भोकाला ओठ लावायचे आणि चटकन ओढायचं. सूत जिभेला लागलं की थांबायचं, कापूस थुंकायचा, पुढचा धोटा. दिवसाला किती धोटे, कोण मोजतंय. श्वास आत जाऊ द्यायचाच नाही, गेला तर सगळा कापूस छातीत. म्हणून नुसत्या गालांनी ओढायचं. लूम विकून आठ वर्षं झाली, पण ओठांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि मी दीड वर्षं पंप तसाच ओढत होते. औषध जिभेवर, गालात. छातीपर्यंत एक थेंबही जात नव्हता.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

ती पंप पुसत होती. "मेरे अब्बा ऐसे ही लेते थे. तीस साल लूम पे थे. त्यांना पण पंप दिला होता. फायदा नहीं हुआ. सगळे म्हणाले दवा बेकार है, मग त्यांनी सोडून दिला. मी तेव्हा शाळेत होते. मी रोज बघायचे त्यांना घेताना." तिने पंपाचं झाकण लावलं. "वो गए, त्यानंतर मी हा कोर्स केला. ट्रेनिंगमध्ये पहिल्यांदा शिकवलं कसा घ्यायचा, तब समझ में आया अब्बा क्या कर रहे थे. म्हणून भिवंडीचा पेशंट आला की मी बाजूने बघते. गाल आत गेले की समजतं."

मला त्या मुलीच्या पाया पडावंसं वाटलं. दुसरी कुणी असती तर त्या आठवणीपासून पळाली असती. ही तीच आठवण रोज सकाळी निळा कोट घालून कामाला लावत होती. आपल्या बापाचं जे कुणी बघितलं नाही, ते ही प्रत्येकाच्या गालावर बघत होती. मोठी माणसं म्हणतात ती अशीच असतात, मला दुसरी माहीत नाहीत.

मग तिने शिकवायला घेतलं. हळू ओढायचं, लांब, पोटापर्यंत, आणि धरून ठेवायचं. मला जमेना. पंप ओठांना लागला की गाल आपोआप आत जायचे. चारदा, पाचदा. प्लास्टिकचं नळकांडं लावून बघितलं, तरी तेच. तिचीही दमछाक झाली.

"ताई, कामाशिवाय दुसरं काय करता तोंडाने?"

"बडबड," दारातून आय म्हणाली. आणि मग, "गाते ती. धवलारीण हाय."

रुखसानाने वळून विचारलं, "लंबी लाइन गाने से पहले साँस कैसे लेते हो?"

मला विचारच करावा लागला नाही. नावांच्या ओळीआधी आयने जसा शिकवला होता तसा श्वास मी घेतला. आवाज न करता, हळू, बरगड्या उघडत, कमरेपर्यंत. गाल जागच्या जागी.

"तोच!" रुखसाना ओरडली, बाहेरच्या बाकावरचे सगळे दचकले असतील. "तोच घ्या! लूमचा नको, गाण्याचा घ्या!"

म्हणजे दोन्ही श्वास माझ्याच तोंडात होते. मी दीड वर्षं चुकीचा वापरत होते.

साडेतीन महिने

घरी आल्यावर पंप तांदळाच्या डब्यामागून काढून खिडकीत ठेवला. सकाळ-संध्याकाळ आय माझ्यामागे बसायची आणि पाठीवर तळवा ठेवायची, शिकवताना ठेवायची तसाच. बरगडी उघडली नाही की पाठीत चापट.

"गाल खाल्लेस गो. परत."

श्वास दहापर्यंत धरून ठेवायचा होता. मी घाईने आकडे मोजायची. आयनेच युक्ती काढली. "आकरे नको. धा देव मनात घे. देवाची नावं तू घाईनं घेत न्हाय."

पहिला महिना काही फरक नाही. मी घाबरले. रुखसानाने बजावलं होतं, नळ्यांचा तापटपणा एका दिवसात जात नाही, महिने लागतात, बरं वाटलं तरी सोडायचा नाही. तरी रोज वाटायचं, दर्शनाला खरं सांगून टाकावं, दुसरी धवलारीण बघायला सांगावं. दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. पाचव्या आठवड्यात अंगणवाडीत एक पोरगी आपलाच बूट डोक्यावर ठेवून ठुमकत आली, मी पोट धरून हसले, आणि हसून झाल्यावर लक्षात आलं की खोकला आला नाही. मी तिला पुन्हा बूट ठेवायला लावला. पुन्हा हसले. मदतनीस बाईंनी माझ्याकडे काळजीने बघितलं.

एक मात्र कबूल करते. मध्ये बरं वाटलं म्हणून मी चार दिवस पंप सोडला होता. पाचव्या दिवशी फोडणीत मिरची पडली आणि माझी जागा मला कळली. तुम्ही ही चूक करू नका. मी तुमच्या वाटची करून ठेवली आहे.

दर्शनाची हळद

हळदीच्या दिवशी सगळं हजर होतं, जणू त्या तापट नळ्यांना आवतण दिलं होतं. मागे जनरेटरचा धूर, रस्त्याची धूळ, पोरींची अत्तरं. आयने काठी उचलून फर्मान सोडलं, "धूप तिकरं, आंगनाच्या पल्यार." कुणाची हिंमत झाली नाही.

मी पाटावर बसले. समोर दर्शना, हळदीआधीच पिवळी पडलेली, माझ्या काळजीने. मी कनवटीचा पंप काढला. यापूर्वी मी तो मोरीत जाऊन घेतला असता. आता सगळ्या बायकांसमोर हळू श्वास ओढला आणि मनात दहा देव घेतले.

"सुमनबाय, याची सवय लागल हां," एक काकू म्हणाली.

"तुला चष्म्याची लागली न्हाय?" आय म्हणाली. विषय संपला.

धवले सुरू झाले. आवाज जरा घोगरा होता, पण होता. नावांची ओळ जवळ आली. आय माझ्यामागे सरकली आणि पाठीवर तळवा ठेवला. मी श्वास घेतला, बरगड्या उघडल्या, आणि सुरुवात केली. गावदेवी. वेशीवरचा देव. काल्हेरला इथेच तुटलं होतं, आणि सगळ्या बायकांना ते आठवत होतं, कारण मांडव एकदम शांत झाला. मी पुढे गेले. खाडीकाठचा. कुळाचा. पाठीवरचा हात उचलला गेला. आयने काढून घेतला होता, आता गरज नाही म्हणून. कुंभार. मांडववाला. फुलवाला. ओळ संपली.

आणि माझ्याकडे श्वास उरला होता.

त्या श्वासाचं काय करावं हे मी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून आपोआप आलं. ज्यांचा हात लागला, त्यांच्यात शेवटचं नाव मी घेतलं, रुखसाना. मग श्वास संपला. दर्शना रडत होती, तिची आई रडत होती, मी हळद कालवत होते कारण कुणीतरी काम करायला हवं.

बायका उठल्यावर मला भीती वाटली, आय आता झाडणार. तिच्या धवल्यात कुणी शब्द घुसवलेला तिला चालत नाही. ती बराच वेळ काठीवर हनुवटी टेकून बसली होती.

"चुकलंस," ती म्हणाली.

"काय चुकलं?"

"येकलाच नाव घेतलंस. बापाबिगर नाव असतो का? आपल्यात सगल्यांची बापासंगती घेतो. तिच्या बापाचा नाव काय?"

मला माहीत नव्हतं. दोन वर्षं आय सोडून माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही म्हणून मी रडत होते, आणि ज्या माणसामुळे माझा दम परत आला त्याचं नाव विचारायचं मला सुचलं नव्हतं.

नाव

महिन्याने तपासणीला गेले. रुखसानाने बाजूने बघितलं, गाल बघितले, आणि अंगठा वर केला. मी नेलेल्या लाडवांतला एक तिने तिथेच तोंडात टाकला. मग मी तिला मांडवातली सगळी गोष्ट सांगितली आणि विचारलं.

ती खुर्चीत बसली. दिवसभर ओरडणाऱ्या त्या मुलीचा आवाज ऐकायला मला पहिल्यांदाच कष्ट पडले.

"मोहम्मद यासीन," ती म्हणाली. "लूम पे सब यासीनभाई बोलते थे. पण ताई, तुमच्या लग्नात हे नाव चालेल?"

"आयने सांगितलंय," मी म्हटलं. "तिच्यापुढे आमच्याकडे देवसुद्धा बोलत नाहीत."

गेल्या आठवड्यात मानकोलीला लग्न होतं. आय आली होती, पण या वेळी माझ्यामागे न बसता समोर बसली, ऐकायला. देव झाले, कुंभार झाला, मांडववाला झाला, फुलवाला झाला. मग मी म्हटलं, यासीनभाईंची रुखसाना. आणि त्याच दमात पुन्हा त्यांचं एकट्याचं, सावकाश, न तोडता, मोहम्मद यासीन.

आयने मान हलवली. श्वास अजून उरला होता.